भासऱ्यांसाठी दोन शब्द

माहं माहेर लोणारचं, ताई. बाप शाळेत शिपाई होता, घंटी वाजवे, खोल्या झाडे, मास्तरलोकाइले चहा आनून दे, आन घरी आला का मंग सोताच मास्तर होऊन जाय. जयंती आली का मले स्टुलावर उभी करे आन म्हने बोल वो पोरी, भेतं कायले, समोर सारे आपलेच लोक हायेत. मी बोलत होती. पाठ केलेलं अर्ध्यात विसरली का बाकीचं मनानं जोडून देत होती, लोक टाळ्या वाजवत, माय तोंडाले पदर लावून हासे. दहावी पास झाली, लग्न झालं आन इथं पिंपळगाव राजाले आली.

या घरात तवा चार मानसं. माहे मालक रामदास, त्याईचे मोठे भाऊ म्हंजे माहे भासरे, त्याईची बायको सुभद्राबाई म्हंजे माही मोठी जाऊ, आन मी. भासऱ्याइले लेकरू नोयतं. आता भासरा म्हटलं का आमच्याकडची रीत तुम्हाले मालूमच असन, त्याच्या समोर डोक्यावरचा पदर सरकला नाही पाह्यजे आन तोंडातून आवाज निंगाला नाही पाह्यजे. त्याईले पानी पाह्यजे असलं का ते भिंतीकडं पाहून म्हनत, पानी आना, मी गिलास ठेवून निंगून येत होती. पुरी जिंदगी एका छपराखाली काढली पन त्या मानसासंगं मी एक अख्खं वाक्य बोलली नाही. आन त्याईच्याच मौतीवर मले बोलाले उभं केलं. काय सांगू तुम्हाले.

मालक लवकर गेले. विहिरीवर मोटर लावाले गेले, करंट लागला, तिथंच. सारिका नुसती चालाले लागली होती, विनोद अंगावर पेत होता. माहा भाऊ बुलढान्याले राह्यत होता, तो म्हने, ताई, तू दहावी हायेस, नर्सबाईचं शिक्षन घे, लेकराइले आम्ही पाह्यतो. नंबर बी लागला. जाऊबाईले सांगतलं, तिनं एका फडक्यात चार भाकरी बांधून देल्ल्या. भासरे वावरात होते. आम्ही स्टँडवर गेलो, गाडी लागलेली होती, ड्रायवर बसेल होता, तेवढ्यात भासरे आले. वावरातून तसेच आलते, पायाले माती. मले वाटलं आता हे चार लोकात मले मारतात. मारलं नाही ताई. शिवी देल्ली नाही, आवाज केला नाही, माह्याकडं पाह्यलं बी नाही. भावाच्या हातातून विनोदले घेतलं, खांद्यावर टाकलं, सारिकाचं बोट धरलं आन घराच्या रस्त्यानं चालू लागले. विनोद माह्याकडं हात करून रडून राह्यला, ते मांगं वळून पाह्यत नाहीत. भाऊ म्हने, तू बस गाडीत, लेकरं मंग आनू. पन अंगावरचं लेकरू सोडून कोनती माय गाडीत बसन? मी त्याईच्या मांगं मांगं गेली. पेटी भावाच्याच हातात राह्यली.

घरी आल्यावर भिंतीले पाहून म्हनले, माह्या भावाची लेकरं परक्याच्या दारात वाढनार नाहीत, आन तिले बी इथं काही कमी पडनार नाही. आन कमी पडू देल्लं नाही, ताई, तेच तं दुखनं हाये माहं. वाईट मानूस असता तं मी शिव्या घालून मोकळी झाली असती. सारिकाले टायफाइड झाला तवा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत राह्यले, सोता जेवले नाहीत. विनोदले सायकलच्या डांड्यावर बसवून शाळेत नेत. आधी लेकराइच्या ताटात पडे, मंग त्याईच्या. पन मी कधी एकटी बाजारात गेली नाही. भावाच्या लग्नाले गेली तं हे सोबत, आन त्याच दिवशी वापस. अंगनवाडीत मदतनिसाची जागा निंगाली, गल्लीतल्या बाया म्हनत अर्ज तूच भर, त्याईनं भिंतीले सांगतलं, गरज नाही. झालं.

एक विहार तेवढा सुटेल होता मले. वंदनेले जाऊ नको असं कसं म्हनतीन, समाजात नाव होतं त्याईचं. मी विहारात जाऊन बसत होती, तिथं जरा मोकळं वाटे.

बोलनं तिथंच सुरू झालं. आमच्यात मानूस गेलं का पुण्यानुमोदन करतात, बौद्धाचार्य त्रिशरण पंचशील घेतात, मंग गेलेल्या मानसाबद्दल चारपाच जन बोलतात. मानसंच बोलत, आन साऱ्याइसाठी एकच बोलत, का ते मनमिळाऊ होते, त्याईच्या जान्यानं पोकळी झाली. पारबताबुढी गेली, गल्लीतल्या अर्ध्या लेकराइची नाळ तिनं कापेल होती, तिच्याबद्दल बी एक जन उठून म्हने मनमिळाऊ होत्या. माह्याच्यानं राह्यवलं नाही. बसल्या जागूनच म्हटलं, कायची मनमिळाऊ, साऱ्या गल्लीशी भांडन होतं तिचं, पन जिच्याशी भांडन त्याच बाईले कळा लागल्या का ते पहिले तिच्या दारात, आन बाळंतपन झालं का दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडन चालू. लोक हासले. हासता हासता तिच्या लेकी रडल्या. तवापासून कोनी गेलं का लोक म्हनत, प्रमिलाबाई, दोन शब्द बोला.

मागल्या उन्हाळ्यात सुखदेव गेला, खामगावले काळीपिवळी जीप चालवे तो. त्याच्यासाठी मी बोलली का गाडीत पाय ठेवाले जागा नसे तरी रस्त्यानं डोक्यावर ओझं घेतलेली बाई दिसली का तो ब्रेक दाबे आन म्हने, बसा न मावशी, गाडी रिकामीच चालली. त्याच्या बायकोनं मले गच्च धरलं. पन एक सांगते तुम्हाले, मी बोलाले उभी राह्यली का भासरे उठून मंडपाच्या बाहेर जात. लहान्या भावाच्या बायकोचा आवाज ऐकाचा नाही म्हनून. माहं बोलनं साऱ्या गावानं ऐकलं, त्याईनं एकदाबी नाही.

या हिवाळ्यात भासरे गेले. दम्याची बिमारी होती. पुण्यानुमोदनाले गल्लीत मंडप टाकला, विनोद पुन्याहून आला, तो तिथं कंपनीत हाये, सारिका अकोल्याहून आली. सकाळपासून जो येईन तो म्हने, आज तं प्रमिलाबाईच बोलतीन, घरचंच मानूस हाये. विनोद मले बाजूले घेऊन म्हने, आई, चांगलं बोल, मोठेबाबा होते म्हनून मी शिकलो. सारिका म्हने, आई, तू बोलूच नको, तब्बेत बरी नाही म्हन. जाऊबाई म्हने, तू गावासाठी बोलतं, याइच्यासाठी नाही बोलली तं लोक काय म्हनतीन? मी कोन्या दारानं बाहेर निंगू सांगा. बोलली तं खोटं बोला लागते, नाही बोलली तं घराची इज्जत जाते. पांढरी साडी नेसून बसली.

नाव पुकारलं. मी उठली. समोर त्याईचा फोटो, हार घातलेला, मेनबत्ती लावेल. सवयीनं पदर डोक्यावर घेतला आन मंग ध्यानात आलं का आज हे उठून जाऊ शकत नाहीत.

मी पहिले टायफाइडचं सांगतलं. सायकलचं सांगतलं. लोक मान हलवून राह्यले. आन मंग मी स्टँडवरचं सांगतलं, जसं तुम्हाले सांगतलं तसंच, का त्याईनं माह्यावर हात उचलला नाही, फक्त लेकरू उचललं. म्हटलं, दादा, तुम्ही माह्या लेकराइले बापासारखं पाळलं, तुमचे उपकार मी मरेपर्यंत नाही विसरत. आन तुम्ही मले त्या दिवशी या घरात आनून कोंडलं, तेबी मी नाही विसरत. दोन्ही खरं हाये. एक सांगू आन एक ठेवू असं मले जमत नाही.

एक चुलत दीर उठून म्हने, बस झालं, खाली बसा वहिनी, मेल्या मानसाले बोलता काय? बौद्धाचार्य म्हने, बोलू द्या त्याईले. पन माहं बोलनं संपलंच होतं. विनोद जमिनीकडं पाहून राह्यला होता, कान लाल झाले होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी तो गेला. पाया पडला. मी म्हटलं डबा ने, तं म्हने नको.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी साऱ्या बाया गेल्यावर मी आन जाऊबाई भांडे घासाले बसलो. ते बराच वेळ एकच गंज घासत राह्यली, मंग म्हने, प्रमिला, माही माय गेली तवा मले उशिरा सांगतलं याइनं. वावरात सोंगनी चालू होती म्हनून. मी पोचली तं माती देऊन झालती. म्या कोनाले सांगतलं का कधी? मी म्हटलं, काऊन नाही सांगतलं जाऊबाई? ते म्हने, तुले सांगून काय होनार होतं, तू बी इथंच होती.

तिले आधीपासूनच अंधुक दिसे, आता तं काहीच दिसत नाही, काचबिंदू हाये, डाक्टर म्हनते गेलेली नजर वापस येत नाही. भिंतीले हात लावून लावून चालते. सारिकानं अकोल्याले माह्यासाठी काम पाह्यलं होतं, मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं, राहाची खोली बी होती. म्हने आई, आता तं कोनी नाही न अडवाले, ये. मी कपडे भरले. जाऊबाई बाजेवर बसेल होती. नको जाऊ म्हटलं नाही तिनं, रडली बी नाही. फक्त म्हने, चहापत्ती कोन्या डब्यात हाये तेवढं सांगून जाय. मी डबा तिच्या हातात देल्ला, तिनं झाकन उघडून वास घेतला आन म्हने, हे तं हळद हाये वो. घाईत मीच चुकीचा डबा देल्ला होता. कपडे काढून ठेवले मी वापस. सारिका फोनवर चिल्लावली, आई, तुले कोनी बांधलं नाही. हो म्हटलं बाई, नाही बांधलं.

परवा गल्लीतली कमलाबाई गेली. तिची सून आली, म्हने मावशी, माह्या सासूसाठी तुम्हीच बोला, आन खरं बोला. मले वाटलं होतं आता कोनी बोलावनार नाही. बोलीन म्हटलं, जाऊबाईले हात धरून नेता येईन तं बोलीन, तिले घरी एकटी नाही सोडता येत.

विनोद हप्त्यातून एकदा जाऊबाईच्या फोनवर फोन करते. तिले बटन दिसत नाही, तं उचलते मीच. तो म्हनते, मोठी आईले दे. मी तिच्या कानाले लावते आन बाजूले उभी राह्यते, तिचा हात थरथरते म्हनून फोन मलेच धरा लागते, मंग त्याचा आवाज थोडा थोडा ऐकू येते मले. खोकला बरा झाला म्हने त्याचा. नाराज हाये तो, राहो, पन सुखानं राहो बाप्पा.

फोन वाजून राह्यला पाहा. त्याचाच असन. तुम्ही चहा घ्या ताई, मी तिच्या कानाले लावून येते.