उरलेलं काम, रविवार चार ते पावणेपाच

आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा चौकोनानं कुणाची झोप उडते का? माझी उडाली, छताकडे बघत पडून राहिले, आणि चौकोन तरी केवढा, अंगठ्याच्या नखाएवढा, रविवारच्या रकान्यात अगदी तळाला, आणि तो मीच आखलेला, पट्टी लावून, स्वतःच्या हातानं... पण थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल परीक्षेआधीच बाईचं डोकं फिरलं.

मी औषधांच्या कारखान्यात नियोजन बघते. कुठल्या यंत्रावर कुठल्या दिवशी कुठलं सिरप भरायचं ते मी ठरवते. अकरा यंत्रं, नऊ वर्षं, एकदाही माल उशिरा गेलेला नाही. आणि माझ्या वर साहेब येतो तो मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवा, व्यवस्थापनाची पदवी घेऊन ताजाताजा आलेला, आणि पहिल्याच दिवशी म्हणतो, "मॅडम, हे जरा समजावून सांगता?" सांगते. असे तीन साहेब तयार केले मी. तिसऱ्याला समजावताना मनात आलं, अगं, ही पदवी तूच का घेत नाहीस? पण पदवीला प्रवेश हवा तर आधी प्रवेश परीक्षा, परीक्षेला उरले सोळा आठवडे, आणि घरात सहा वर्षांची मुलगी, तिला आम्ही टिल्ली म्हणतो, आणि सासूबाई, आणि नवरा, आणि नोकरी आहेच. मग काय झालं, वेळापत्रक करू की. अकरा यंत्रं सांभाळणारीला स्वतःचं एक डोकं जड आहे का?

केलं. सहा रंगांत. गणित निळं, भाषा हिरवी, तर्क जांभळा, सराव परीक्षा लाल... स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं, तर सासूबाई चष्मा लावून आल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान दिसतंय गं. असंच पडद्यांना कापड मिळेल का?" नवरा म्हणाला, "झकास. आणि अभ्यास कधीपासून?" सोमवारपासून, म्हटलं. सोमवारी कारखान्यात सातव्या यंत्रानं मान टाकली, म्हणून मंगळवारी नवं वेळापत्रक, गुरुवारी टिल्लीला ताप, म्हणून शुक्रवारी आणखी नवं, पंधरा दिवसांत चार वेळापत्रकं झाली आणि पुस्तकांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. वेळापत्रक मात्र देखणं होतं.

तर तो चौकोन. आमच्या कारखान्याच्या तक्त्यात रविवारी सगळ्यात शेवटी एक चौकोन असतो, 'उरलेलं काम'. आठवड्यात जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकायचं, आणि तिथे टाकलेलं काम पुढच्या रविवारी ढकललं जातं, तिथून त्याच्या पुढच्या... हे मला माहीत नाही का? नऊ वर्षं मीच ढकलतेय. पण हात सवयीनं चालतो हो. चौथ्या वेळापत्रकात सगळे रंग भरून झाले आणि लक्षात आलं, टिल्ली राहिली. जागा कुठे उरलीय? रविवार, चार ते पावणेपाच. 'उरलेलं काम: टिल्ली.' लिहिलं, चिकटवलं, आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर कळलं आपण काय लिहिलंय. पोटच्या पोरीला. उठून खोडणार होते, पण सहा रंगांत खाडाखोड फार दिसते. म्हटलं ना, वेळापत्रक देखणं होतं.

आणि पोरगी नुकतीच वाचायला शिकलेली. सकाळी दुधाचा कप घेऊन दारापाशी उभी, बोट तक्त्यावर. "उ...र...ले...लं... काम... टिल्ली. आई, हे माझं नाव आहे."

"हो."

"मला काम आहे?"

मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. तेवढ्यात मागून सासूबाई, "आहे तर. तुझ्या आईनं लिहिलंय ना, मग असणारच." एका वाक्यात माझी अब्रू झाकली त्या बाईंनी, आणि वर मला म्हणतात कशा, "दूध उतू जातंय."

मग आठवडाभर टिल्ली जगाला सांगत हिंडली. शाळेच्या बसवाल्या काकांना, बाईंना, समोरच्या शिंप्याला. "रविवारी मला जमणार नाही, काम आहे." आणि रविवारी चारच्या ठोक्याला, मी पाचवं वेळापत्रक आखायला घेतलं होतं, खोटं कशाला बोलू, तर ही हजर. शाळेचे बूट, पाण्याची बाटली, दप्तर, काखेत गजराचं घड्याळ. "आले कामाला. काय करू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बस इथे, आणि मी गणितं करते की नाही ते बघ."

तिनं बघितलं हो. माझी पट्टी आणि रंग उचलून दप्तरात टाकले आणि समोर खुर्ची ओढून बसली. मी पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडलं, दुसरं करणार काय? दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो, ते गणित मोठ्यानं वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग तो तिसरा बंद कर ना आधी." टिल्ली म्हणाली, "आजी, परीक्षेत बोलायचं नाही." फोन वाजला, माझा हात गेला. "आई. हात." पंचेचाळीस मिनिटं, पाय जमिनीला टेकत नाहीत त्या खुर्चीत, नजर हलली नाही पोरीची. तुम्हाला सांगते, मी तपासनीस बघितलेत, पदवीवाले तीन साहेब बघितलेत, यंत्रासमोर असं बसलेलं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं. गजर झाला. "पेन खाली." वीस गणितं, अकरा बरोबर. नशीब म्हणा, पण सुरुवात झाली.

पुढे काय काय बुडालं विचारू नका, निळं बुडालं, हिरवं बुडालं, जांभळ्याचा तर पत्ताच नाही, मग मी पहाटेचा एक तास धरला आणि नवं आखणं सोडलं. पण रविवारचे चार एकदाही चुकले नाहीत. अकराचे चौदा झाले, चौदाचे सतरा. उरलेल्या कामात टाकलेलं आणि दर आठवड्याला वेळेवर झालेलं, असं माझ्या नोकरीत आजवर हे एकच.

परवा परीक्षेआधीचा शेवटचा रविवार. मला राहवेना. इतके रविवार पोरगी राखण करत बसली, आणि तो वेळ खरं तर तिचा. पुस्तक मिटलं, खाली बसले, तिचे बूट सोडायला घेतले आणि म्हटलं, "टिल्ले, आज गणितं नाहीत. आज नुसतं तू आणि मी. सांग, काय खेळायचं?"

तिनं पाय मागे घेतला. दप्तर उघडलं, आणि घडी घातलेला एक कागद काढून मांडीवर पसरला. पट्टीनं आखलेला. माझेच सहा रंग. चित्रं, आजी, भावलीचा ताप, बसवाले काका, आणि रविवारी चारला मोठ्या लाल अक्षरात 'आईची परीक्षा'. वेळापत्रक, काय सांगू तुम्हाला, माझ्यापेक्षा देखणं होतं. तिनं बोट ठेवून सगळा आठवडा वाचला, वरपासून खालपर्यंत, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी मायेनं म्हणाली,

"आज जागा नाही गं आई. खेळणं उरलेल्या कामात टाकू?"