बंद बाहुली

[परवाना टिकवण्यासाठी लहान मुलांच्या डॉक्टरांच्या कौशल्याची दर काही वर्षांनी होणारी फेरतपासणी. टेबलावर सरावाची रबरी बाहुली. खोलीत दोघंच.]

डॉक्टर: झालं ना सगळं? मग सही कर आणि सोड मला. बाहेर बाकीचे ताटकळलेत.

परीक्षक: बसा ना जरा, सर.

डॉक्टर: का? चुकलं काही?

परीक्षक: औषधांच्या मात्रा बिनचूक सांगितल्यात. नवे नियम तर माझ्यापेक्षा तुम्हालाच पाठ आहेत. शेवटचं तेवढं पुन्हा विचारते. बाहुलीच्या छातीत काय ऐकलंत?

डॉक्टर: सांगितलं की. दोन्हीकडे श्वास स्वच्छ.

परीक्षक: बाहुली बंद होती, सर.

डॉक्टर: म्हणजे?

परीक्षक: तिच्यातला आवाज सुरू करायचा मीच विसरले. सांगायला पुढे येतेय, तोवर तुम्ही बोलून मोकळे झालात.

डॉक्टर: माझ्याशी असले डाव? हेच शिकवलं का मी तुला?

परीक्षक: डाव नाही हो. तुमच्यासमोर जीभ रेटत नाहीये माझी. आजही तुम्ही स्टेथोस्कोप आधी तळहातावर गरम केलात. रबराच्या बाहुलीसाठी.

डॉक्टर: सवय. थंडगार लावला की लेकरं दचकतात.

परीक्षक: कधीपासून ऐकू येत नाही?

डॉक्टर: येतं की. तुझं येतंय ना?

परीक्षक: माझे ओठ बघताय म्हणून. [तोंड फिरवून काहीतरी बोलते, मग पुन्हा वळते.] आत्ता तोंड फिरवून काय म्हणाले मी?

डॉक्टर: म्हणालीस काहीतरी.

परीक्षक: दरवर्षी प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसायचात. या वयातही सरांची हौस बघा, असं कौतुक करायचो आम्ही.

डॉक्टर: मागे बसून काही कळायचं नाही. मग घरी वाचून भरून काढायचो. अगं, डोळे शाबूत आहेत माझे. पोर कसं दिसतं, आई काय सांगते, यावरून अर्धंअधिक कळतं.

परीक्षक: आणि उरलेलं?

डॉक्टर: अंदाजानं.

परीक्षक: आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप मिळतात, सर. एका शब्दानं विचारायचं होतं.

डॉक्टर: कुणाला? तुम्हा सगळ्यांना छाती ऐकायला मी शिकवलं. तुम्हालाच विचारू? लाज वाटली मला. या खेपेला सांभाळून घे. वर्षअखेरीला दवाखाना बंदच करतो.

परीक्षक: आज सकाळी होतात दवाखान्यात?

डॉक्टर: होतो.

परीक्षक: छाती स्वच्छ आहे म्हणून कुणाला घरी पाठवलंत?

डॉक्टर: चोर पकडल्यासारखं विचारू नकोस.

परीक्षक: सर.

डॉक्टर: एक होतं. सात-आठ महिन्यांचं. ताप, खोकला, दूध घेत नव्हतं. आई एकसारखी म्हणत होती, छातीत घुरघुर वाजतेय हो, मला इथून ऐकू येतेय.

परीक्षक: तुम्ही काय म्हणालात?

डॉक्टर: म्हटलं, डॉक्टर तुम्ही की मी?

परीक्षक: अरे देवा.

डॉक्टर: लेकराला उचलून निघाली बिचारी. दारात जरा थांबली होती. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परीक्षक: नंबर आहे तिचा?

डॉक्टर: या माझ्या फोनमध्ये आहे. येण्याआधी तिनं मेसेज केला होता. हा, सगळ्यात वरचा.

परीक्षक: लावा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगा.

डॉक्टर: तूच लाव. फोनवरचं तर मला अजिबातच... तू बोल.

परीक्षक: लावते. आणि सही मी करणार नाही, सर. मला फार वाईट वाटतंय, पण नाही करणार.

डॉक्टर: नको करूस. आधी फोन लाव.

परीक्षक: लावलाय.

डॉक्टर: उचलला?

परीक्षक: नाही. नुसताच वाजतोय.

डॉक्टर: नक्की वाजतोय ना? मला इथून ऐकू येत नाहीये.