मोज्यातले टायर

एव्होराजवळच्या मातीच्या ट्रॅकवर रिमोटच्या गाड्यांची अंतिम शर्यत अर्ध्या तासावर आली होती. कॉफीच्या रांगेत ओतीलियाच्या पुढे दोन स्पर्धक गाड्या काखेत मारून उभे होते. टायर कुणाला दिसू नयेत म्हणून चाकांना मोजे चढवलेले. ओतीलियाने कान टवकारले.

“झेफेरीनो, टायर मऊ की कडक?”

“मऊ. ट्रॅक ओला आहे, आदेलिनो.”

“सकाळी होता. आता धूळ उडतेय.”

“मग कडक लाव की, बाबा!”

“गेल्या वर्षी तुझं ऐकलं आणि शेवटून पहिला आलो.”

“मग यंदा ऐकू नकोस.”

“मी ऐकणार नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच खरं बोलत असशील.”

“हे घे, मोजाच काढतो. बघ. मऊच आहेत ना?”

“आहेत.”

“झालं समाधान?”

“हे दाखवायचे झाले. पळवायचे कुठे ठेवलेस?”