विमलबाईच्या पायातला जोड

—नाय रं, तो नको. तो नुसता बघायला बरा हाय. ठेव खाली आन बस त्या खोक्यावर, मोजे काढ आधी. लाजतोस काय, दिवसभर लोकांचे पायच बघते मी, तोंडं ध्यानात राहत नायत माझ्या. उद्यापासनं लागणार ना कामाला? कंपनीचं नाव नको सांगू, मला काय करायचं त्याचं — आत काय हाय तेवढं सांग. तेल सांडतं का? पाणी? लोखंडी जिना हाय? हां, जिना हाय म्हणतोस. मग नीटच बघून घेऊ. टेक पाय या पुठ्ठ्यावर — बसून नाय, उभा राहा, सगळा भार दे. उभ्यानं पाय पसरतो, बसून घेतलेलं माप फसवं असतं. बघ, तुझा पाय फुडं रुंद हाय. वाडीवरचा ना तू? मला वाटलंच. अनवाणी डोंगर चढलेला पाय असाच असतो, आन कंपन्या बूट काढतात शहरातल्या अरुंद पायांच्या मापानं, मग तुमच्याकडची पोरं करंगळीला फोड आणतात आन बूट पिशवीत घालून चपलेवर कामाला जातात. तसं करू नको. हा घाल. फुडं बोटं हलतात का बघ.

काय म्हणालास? इथंच बनतो का? कुणी सांगितलं तुला, इथं बनतो म्हणून? — बरं, नको सांगू. नाय बनत. हे सगळे बाहेरनं येतात. आपल्या देशातलेच हायत, खोक्यावर तसंच छापलंय, पण देश मोठा हाय बाबा, कोण कुठं बसून काय चिकटवतो ते मला कुंभिवलीत बसून दिसत नाय. आन एक सांगते, आधीच सांगते — 'मावशी, चांगला हाय ना' असं तेवढं विचारू नको. दुसरं काय पण विचार. वाकवून दाखवते, बादलीत बुडवून दाखवते, हवं तर घालून त्या खडीवर दहा फेऱ्या मार, मी काय बोलायची नाय. पण 'चांगला हाय, घे, माझ्यावर सोड' — हे माझ्या तोंडून निघायचं नाय आता. ते दुकान बंद झालं. ती मागची खोली बघ, कुलूप लावलेली. पत्रा गंजलाय ती. तिथं बनायचे.

माझा भाऊ शिवायचा. आबाजी, माझ्या पाठचा. मुंबईला चामड्याच्या कारखान्यात लागला, तिथं शिकला, आन काम सुटल्यावर लाकडी फर्मे न् आरी न् चामडं कापायची रापी सगळं गोणीत घालून गावाला आला. गावानं काय काय बोललं त्याला — शेतकऱ्याचं पोर आन चामडं हातात धरतं म्हणून. चुलत्याच्या घरी हळदीचं जेवण होतं, तर त्याला पंगतीत नाय बसवला, ओट्यावर वेगळं ताट दिलं. माझा सख्खा भाऊ. मी काय केलं — उचललं माझं ताट आन जाऊन बसले ओट्यावर त्याच्या बाजूला. सगळी पंगत बघत होती. चुलता आजून बोलत नाय माझ्याशी. नाय बोलला तर नाय बोलला, मला काय त्याचं वाईट वाटत नाय. वाईट दुसऱ्याचं वाटतं.

घट्ट होतोय का? टाचेला? थांब, नाडी सैल कर, जोर नको लावू.

मी पण कंपनीतच होते तेव्हा, पॅकिंगला. बायकांना बूट कोण देतंय — पुरुषांचेच द्यायचे, फुडं फडकं कोंबायचं आन चालायचं बदकासारखं. पाय सुजायचे, घरी आले की परातीत गरम पाणी घेऊन बसायची. आबाजीनं बघितलं ते. एक दिवस पुठ्ठा घेऊन आला, असाच, आन म्हणाला, ताई, उभी राहा. पेन्सिलनं माझा पाय काढला. पंधरा दिवसांनी जोड घेऊन आला — जाड चामडं, फुडं लोखंडी टोपी, सोल हातानं शिवलेला, दोरा मेणातनं काढलेला. घातला आन मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पयल्यांदा माझ्या मापाचं काय तरी कुणी बनवलं. लुगडं, बांगड्या, घर — सगळं दुसऱ्याच्या मापाचं घालून राहिले मी. आन हा जोड, जसा काय पायाला फुटलेला.

मग काय, बायका विचारायला लागल्या, मग पुरुष. आमी ही टपरी टाकली. तो मागं शिवायचा, मी फुडं विकायची. आन माणसं बूट बघायचीच नायत रं. मी काय करायची — पाय असा खोक्यावर ठेवायची, लुगडं घोट्यापर्यंत वर, आन म्हणायची, बघा. दोन पावसाळे झाले, शेतात पण हाच, कंपनीत पण हाच, टाका सुटलाय का एक तरी? लोकं वाकून बघायची. कुणी बोटानं सोल ओढून बघायचा. आन घेऊन जायची. परदेशी बुटाच्या बरोबरीचा पैसा घेत होतो आमी, फुकट नव्हता, पण लोक देत होते, का? तर विमलबाईच्या पायात हाय म्हणून. खालापूरपासनं कर्जतपर्यंत. पळसदरीच्या धरणावर काम करणारी माणसं यायची. सगळी माझ्या पायाकडं बघून.

मग परत यायला लागले. एक आला, दोन आले, सोल सुटलेले. पावसाचे दिवस. आबाजी म्हणाला, ताई, आधी वास घे. मी वास घेतला — धुराचा. म्हणजे चुलीवर वाळवलेला. आता तूच सांग, आपल्याकडं पावसात काय चुलीवर वाळत नाय? कपडे चुलीवर, सुकट चुलीवर, पोराची दप्तरं चुलीवर. बूट भिजून आला की चुलीवरच्या दांडीला टांगायचा नायतर बाजूच्या वईलापाशी ठेवायचा, सकाळी कडक होऊन तयार. आन चामडं तर तापवायचं नसतं, चिकटवायचं सोलुशन सुटतं. तेव्हा धुराचा वास आला की आपली जबाबदारी नाय, असं त्यानं ठरवलं. मी पण आलेल्या माणसाला तेच सुनवायची. चुलीवर ठेवलास ना? मग माझं तोंड काय बघतोस? बिचारे खाली मान घालून जायचे. कोण नाय म्हणणार, सगळ्यांनीच ठेवलेले. आता कळतंय मला — तो किती विचार करून बोलला होता. आपल्या भागात धुराचा वास नसलेला बूट पावसात मिळेल कुठं?

उभा राहा बरं. चाल जरा. टाच उचलते का? नाय ना? हां.

तर एक शुक्रा होता. तुमच्याच बाजूचा असंल, वर वाडीवरचा. साधा माणूस, कमी बोलायचा. माझ्याकडनं जोड घेऊन गेला, घेताना सगळ्यांसारखा वाकून माझ्या पायाकडं बघितलं, हसला. आन पावसाळ्यात कंपनीत लोखंडी जिन्यावरनं पिंप घेऊन उतरत होता, सोल मोकळा झाला, पाय अडकला, पिंप आलं पायावर. ती फुडची टोपी — लोखंड असतं ना तर वाचला असता. दबली ती डब्याच्या झाकणासारखी. दोन बोटं गेली. मी दवाखान्यात गेले. त्याची बायको पारू बाहेर बसलेली, बूट पिशवीत. मी पयलं काय केलं? पिशवी उघडली आन वास घेतला. धूर. मनात बरं वाटलं मला. माणसाचा पाय गेलाय आतमध्ये आन मला बरं वाटतंय, की आपला बूट नाय चुकला. हे मला माझ्या भावानं शिकवलं.

मी तो बूट घेऊन आले. म्हटलं, आबाजी परगावाला गेलाय, आपणच बघू किती सुटलाय. रापी घेतली, पायाखालचा सुकतळा उचलला. आत पुठ्ठा. पांढरं सोलुशन. टाका नाय. बाहेरनं टाक्यांची ओळ दिसते, सुबक, आन आत दोराच नाय — रबरावर नुसते टाके उमटवलेले, साच्यातनं काढलेले. मला समजेना. मी माझा बूट काढला पायातला, त्याचा सुकतळा उचलला. आत दोरा. मेणाचा, काळा पडलेला, एकेक टाका मोजून घेतलेला. दोन्ही मांडीवर घेऊन बसले. दोन्हीवर शिक्का आमचाच.

मग मी टपरीतले सगळे खोके खाली काढले. एकात पण दोरा नव्हता. कधीपासनं, ते विचारू नको, मला पण नाय सांगितलं त्यानं. मागच्या खोलीत आवाज यायचा ना हातोडीचा, ठक ठक — मी फुडं बसून म्हणायची, माझा भाऊ राबतोय. तो शिक्के मारत होता. कुठनं तरी तयार माल आणायचा आन शिक्का मारायचा.

आन माझा जोड? माझा दर दोन वर्षांनी नवा शिवायचा तो. हातानं. पयल्यासारखाच. कळतंय का तुला? तोच एक खरा ठेवला त्यानं. कारण लोक वाकून बघणार, सोल ओढून बघणार — माझा. मी खोटं नव्हते बोलत रं. एकदा पण नाय बोलले. माझ्या पायातला खराच होता. म्हणून तर मी एवढ्या जोरात बोलू शकले. मला सांगितलं असतं तर माझा आवाज बसला असता, तोंड पडलं असतं, गिऱ्हाइकाला कळलं असतं. त्याला ठाऊक होतं ते. माझ्या पाठचा ना तो. मला खोटं बोलता येत नाय हे घरात सगळ्यांना ठाऊक हाय.

विचारलं ना, आबाजीला विचारलं की. असाच समोर बसला होता, तू बसलायस तिथंच. मी दोन्ही बूट टाकले त्याच्या फुड्यात. ओरडंल, रडंल, पाया पडंल, असं वाटलं होतं मला. तो म्हणतो — 'ताई, तुझ्यात काय कमी केलं का मी? तुझा तर चांगलाच दिला ना.' आन खरंच त्याच्या तोंडावर तसं होतं. रागावला नव्हता. त्याला वाटत होतं, बहिणीशी आपण इमानानं वागलो. मी ओट्यावर ताट घेऊन बसले होते ते आठवलं मला, आन वाटलं, उठावं त्या ओट्यावरनं आत्ता, एवढ्या वर्षांनी.

शेलूला असतो आता. फ्लॅट घेतलाय, दुकान टाकलंय, म्हणतात चालतं चांगलं. गेल्या भाऊबीजेला आला होता. दारात उभा. मी काय ओवाळलं नाय, पण हाकलला पण नाय. आन त्यानं पयलं काय बघितलं असंल? माझे पाय. बघून हसला. म्हणाला, घालतेस ना आजून. — आरं, घालू नको तर काय करू? मला दुसरे होत नायत. चार जोड घेऊन बघितले मी, दुसऱ्यांचे, चांगल्या चांगल्या नावांचे. फोड आले. आन हे फाटत नायत. रोज घालते, शेणात घालते, चिखलात घालते, मुद्दाम चुलीपाशी पण ठेवले एकदा रातभर. फाटले असते तर फेकून दिले असते, मोकळी झाले असते. फाटतच नायत मेले.

असो. तुला कुठं एवढं सांगत बसले. उशीर होत असंल. हा जोड बरा बसलाय तुला, फुडं जागा हाय, जिन्यावर घसरायचा नाय असं कंपनी लिहिते. कंपनी लिहिते, मी नाय सांगत. घ्यायचा का? — काय? नाय, माझ्या पायाकडं काय बघतोस?

कुणी सांगितलं, बघ म्हणून? शुक्रा तुझा मामा? मग मघापासनं गप का बसलास, मी इथं एवढं — त्यानं पाठवलं तुला? माझ्याकडं? मी वर वाडीवर जाऊन त्याला दोन्ही बूट दाखवून आले होते, त्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं होतं. पारूनं चहा दिला, तो तसाच ठेवून आले. काय सांगून पाठवलं त्यानं? सांग की. — परत बोल.

'बाई सांगंल ते घेऊ नको. बाईच्या पायात असंल तसला घे.'

बरोबर हाय त्याचं.

नाय, नाय रागावले. काढ तो बूट. काढ, सांगते ना. — तसला नाय मिळत रं. तसला एकच हाय, आन तो तुझ्या मापाचा नाय. हे बघ, हा जोड घेऊन जा घरी, असाच, पैसे नको काढू. मामाला दे. त्याला म्हणावं सुकतळा उचलून आत बघ, दोरा ओढून बघ, हवं तर रापी लाव. तो घे म्हणाला तर घे. नाय म्हणाला तर उद्या सकाळी शिफ्टच्या आधी आणून टाक, खोक्यात नाय घातलास तरी चालंल. मला विचारू नको.

जा आता. आन उठताना खाली बघू नको, सरळ समोर बघून जा.