ब्रेकरनं वाढवलेली शुगर

हसू नका, पण स्पीडब्रेकरनं माणसाची शुगर वाढते. आमच्या शेजारच्या नानांची वाढली.

देवळाली प्रवरातली आमची गल्ली अरुंद, त्यात पोरं गाड्या सुसाट नेतात. म्हणून नानांनीच नगरपालिकेत हेलपाटे घालून गल्लीत नो-पार्किंग आणि एक स्पीडब्रेकर मंजूर करून आणला. ब्रेकर झाला तो नेमका त्यांच्याच दारात. महिनाभरात नाना मला सोबत घेऊन परत नगरपालिकेत हजर.

"साहेब, तेवढा ब्रेकर उखडा. माझी शुगर वाढली."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी वर पंख्याकडं.

"नाना, ब्रेकरचा आणि शुगरचा काय संबंध?"

"हाय ना! ट्रॅक्टर असला तर आवाजावरनं कळतो. पण चारचाकी दारात हळू झाली, की वाटतं पुण्याहून पोरगं आलं. मी लगेच चहा टाकतो. उकळी येईस्तोवर गाडी पार पुढं गेलेली. मंडळी गेल्यापासून घरात दुसरं कोन न्हाई. केलेला चहा वतून कसा द्यायचा? दोन्ही कप मीच पितो."

साहेबांनी हसू दाबलं. "अहो, मग ब्रेकर कशाला उखडायचा? चहा बिनसाखरेचा टाकत जा की!"

नानांनी मान हलवली.

"आन् एखाद्या टायमाला तो खरंच आला म्हंजे? त्याला फिका चहा चालत न्हाई."