शाळेचा टॅब पिशवीत घातल्याबाबत

मी नागव्वा गुरुशांत हत्तुरे, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा टॉवेलच्या घड्या घालण्याची मजुरी, रा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे, सोलापूर. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते. लपवायचं काहीच नाही.

माझी नात वैष्णवी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या घरी कन्नड चालतं. मला वाचता येत नाही. लाइट बिल असो की दवाखान्याचा कागद, पोरगी मराठीत बघते आणि मला कन्नडमध्ये सांगते. दोन वर्षं झाली, ही तिची ड्यूटीच आहे.

काल सकाळी अकरा वाजता शाळेत पालकांसमोर परीक्षा होती. हल्ली मुलांना काय येतं ते टॅबमधला एआय चॅटबॉट तपासतो. मी वैष्णवीच्या शेजारी बसले. टॅब म्हणाला, धडा मोठ्याने वाच. धडा कोल्ह्याचा होता. पोरीने मराठीत बघितलं आणि सवयीने मला कन्नडमध्ये सांगितलं. मी लई हसले, गोष्ट झकास होती. टॅबने निकाल दिला, अक्षरओळख नाही.

मुख्याध्यापक शिवराज सर म्हणाले, सोमवारपासून हिला दुसरीच्या मुलांत बसवू. मी म्हटलं, "सर, तुमी हितंच हाय की. एकदा तुमीच ऐका तिचं." सर म्हणाले, "आजी, निकाल वर गेला. आता माझ्या हातात काही नाही." पोरगी रडायला लागली. ती रडली की माझं डोकं फिरतं, हे मला कबूल आहे.

मग मी टॅब उचलून माझ्या पिशवीत घातला. म्हटलं, "तुमच्या हातात न्हाय ना, मग ऱ्हाऊ दे माझ्याकडं." आणि चालत घरी आले. चोरीचा हेतू नव्हता. टॅब नव्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता, ओरखडासुद्धा नाही. आज तो ठाण्यात जमा केला आहे. सरांनी तिचं वाचन स्वतःच्या कानाने ऐकावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हवालदारसाहेब जबाब वाचून दाखवणार होते. मी म्हटलं, आमच्यात कागद वैष्णवीच वाचते. त्यावरून तिने हा जबाब, टॅब घ्यायला ठाण्यात आलेल्या शिवराज सरांसमोर, मराठीत मोठ्याने वाचला व मला कन्नडमध्ये समजावून सांगितला. लिहिताना साहेबांकडून तिची इयत्ता दुसरी अशी पडली होती, ती तिने वाचता वाचता थांबून चौथी करून घेतली. आता सगळं मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून अंगठा दिला.