शंभरात पंचावन्न

(सुरतेतलं नवागाम, जानेवारीतली दुपार. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात देखरेख करणारा मास्तर हिलाल, त्याची बायको उषाबाई आणि हवामानशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी जयश्री. पंखा चालू आहे.)

जयश्री : पण आप्पा, शेठला माझ्याशी काय बोलायचंय?

हिलाल : तेच. दिवाळीआधी तू म्हणाली होतीस ना, प्रशांत महासागराचं पाणी गार पडतंय, ला निना येतेय, उत्तरेत थंडी कडक पडेल.

जयश्री : पडण्याची शक्यता आहे, म्हटलं होतं.

हिलाल : त्या भरवशावर मी शेठला सोळा लूमवर शालीचा ताणा चढवायला लावला. आता दिल्लीचे व्यापारी फोनवर म्हणतात, इथं माणसं अर्ध्या बाह्यांत फिरतायत, शाल कोणाला विकू? गोदाम छतापर्यंत भरलंय. सोळाही लूम बंद.

उषाबाई : अन् मन्हा भाऊ घर बसेल शे, ते बी सांगा. योगराजना चार लूम त्याच सोळामा व्हतात.

हिलाल : मला तरी कोण मास्तर म्हणतंय आता? मी आत शिरलो की पोरं एकमेकांना सांगतात, स्वेटर घाला रे, ला निना आली.

जयश्री : समुद्र थोडा गार झालाही, आप्पा. पण थंडी एकट्या त्याच्या हातात नसते. पश्चिमेकडून येणारे, पाऊस-बर्फ आणणारे विक्षोभ यंदा दुबळे राहिले, डोंगरात बर्फ कमी पडला. हे असं होऊ शकतं, म्हणून तर मी आकडा लिहून दिला होता. शंभरात पंचावन्न. तो कागद शेठला दाखवलात ना?

हिलाल : कागद पाकिटातच राहिला. तोंडी सांगितलं.

जयश्री : काय सांगितलंत?

हिलाल : पंच्याऐंशी.

जयश्री : का?

हिलाल : पंचावन्न म्हणजे सेकंड क्लास, जया. दहावीपासून तू कधी ऐंशीच्या खाली आली नाहीस. शेठच्या पोराला बारावीत पंचावन्न पडले, तेव्हा त्याचेच पेढे खाऊन मी मागे हसलो होतो. त्या माणसासमोर माझ्या पोरीचे पंचावन्न सांगू?

जयश्री : ते माझे मार्क नव्हते. पंचावन्न म्हणजे जवळजवळ छापा-काटा. तेवढ्यावर सगळे लूम कोणी लावत नाही. निम्म्यांवर साडीच चालू राहिली असती.

उषाबाई : म्हणजे थंडीनी नही, तुम्हीच मन्हा भाऊले घर बसाडं.

हिलाल : मार्क काय असतात ते मला ठाऊक आहे, उषा. शक्यता काय असते ते कोणी शिकवलं? आता शेठ म्हणतो, खोटं बापानं सांगितलं की पोरीनं, एवढं ठरू दे. मास्तर खोटा निघाला तर उद्यापासून त्यानं यायचं नाही. अन् मीच नसलो, तर योगराजला परत लावायला शब्द कोण टाकणार?

जयश्री : आणि पोरगी खोटी निघाली तर? जूनपासून त्याच शेठच्या भावाच्या कॉलेजात शिकवायचंय मला.

हिलाल : तू हुशार आहेस. तुला दुसरीकडे लागेल.

जयश्री : मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, पहिल्या तासाला काय शिकवाल? मी म्हटलं होतं, अंदाज आणि भविष्य यांतला फरक.

हिलाल : चांगलं सांगितलंस.

जयश्री : हो. त्यांनाही आवडलं होतं.

उषाबाई : जया, तुन्हा मामानी आज परत फोन लावा व्हता. गावले निघी जाऊ का, इचारत व्हता.

जयश्री : त्याला थांबायला सांग, आई. मी जाईन उद्या शेठकडे. म्हणेन, चूक माझी, आप्पांनी मी सांगितलं तेच सांगितलं.

हिलाल : अन् त्यानं विचारलं, नक्की किती म्हणाली होतीस, तर?

जयश्री : पंच्याऐंशी.